चालता का संगं?

लडाखला जायचं म्हणून मी परतवाड्याच्या इंदूबाईंकडून जुनी मोटरसायकल घेतली. उंच, डांबरावर धावणारी आणि दगडधोंड्यांतूनही निघणारी. त्यांच्या मुलाने, ललितने, जाड खाचांचे टायर, इंजिनखाली लोखंडी पत्रा असं सगळं हौसेनं बसवून घेतलं होतं. त्यालाही लडाखलाच जायचं होतं. मागच्या वर्षी तो तापाने गेला.

मी अमरावतीच्या राजापेठेत फिजिक्सच्या शिकवण्या घेतो. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. माझ्या बायकोने, माधवीने, बर्फ कधी पाहिलेला नाही आणि लग्नापासून मी तिला 'पुढच्या वर्षी' म्हणत आलोय. यंदा मात्र तिला न्यायचंच होतं.

गाडी घेऊन निघालो तेव्हा इंदूबाई दारात उभ्या होत्या. निघताना घरच्यांना 'चालता का संगं?' असं आपण विचारतोच. कोणी यायचं नसतं. त्यांनी 'नाई बा, तुमी जा' म्हणायचं आणि आपण निघायचं. इंदूबाई तसं म्हणाल्याही. तेवढ्यात भिंतीवरचा ललितचा हार घातलेला फोटो दिसला आणि मी सवयीने बोलून गेलो, "काय ललितभाऊ, चालता का संगं?"

इंदूबाईंचा चेहरा उतरला. "त्याले कावून इचारलं?" त्या म्हणाल्या. "तो नाई कसा म्हणन?"

मला फार ओशाळल्यासारखं झालं.

अमरावतीत ओमप्रकाश मिस्त्रीने मागचा शॉकअप नवा टाकला. दुसऱ्या दिवशी पाहतो, तर गाडी मागून चार बोटं खाली बसलेली. त्याने स्प्रिंग आवळली. मग जाड स्प्रिंग टाकली. गाडी तेवढीच खाली.

"सर, रिकामी गाडी अशी दबत नाई," तो म्हणाला. "कोनी बसलं तरच दबते."

मी त्याला स्प्रिंगचा नियम समजावून सांगितला. त्याने ऐकून घेतला आणि पाने पेटीत भरले.

"परत देऊन या सर."

मी हसलो. माधवीने दोघांसाठी लोकरीचे हातमोजे घेऊन ठेवले होते.

निघायच्या दिवशी चांगलं ऊन पडलं होतं. मी गाडीवर बसलो. माधवी मागची दांडी धरून चढली.

गाडी होती त्याहून जराही दबली नाही.

"अहो," ती म्हणाली, "थोडे समोर सरका ना. मले बसाले जागाच नाई."

मी आधीच टाकीला चिकटून बसलो होतो.