पुढची सीट रिकामी होती

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचली असती तर त्यात स्वतःला जरा बरं दाखवलं असतं.

सात फेब्रुवारी १९८७, शनिवार. शिकागोजवळचं नेपरव्हिल. बाहेर गुडघाभर बर्फ.

मी तेव्हा शिकागोत इलेक्ट्रॉनिक्समध्ये एमएस करत होतो, विषय साउंड रेकॉर्डिंग. रूममेट सोडून गेला होता. आठवडा आठवडा माझ्याशी मराठीत कोणी बोलायचं नाही. म्हणून शनिवारी ट्रेन पकडून नेपरव्हिलला पुरुषोत्तमकाकांकडे जायचो. वडिलांचे चुलतभाऊ. लग्न केलेलं नाही. एवढ्या मोठ्या घरात एकटा जीव.

आदल्या ऑगस्टमध्ये काका आफ्रिकेला जाऊन आले होते. झांबेझी नदीवर गाइडच्या मागोमाग लांबट, अरुंद होड्या वल्हवत जायचं, काठावरचे हत्ती आणि पाण्यातले हिप्पो बघायचे. पाच दिवस. बाकी सगळी जोडपीच होती. एका होडीत दोघं. काका एकटे उरले, म्हणून त्यांना स्वतंत्र होडी मिळाली.

काका मागच्या सीटवर. पुढची सीट रिकामी...

तिच्यावर त्यांनी टेपरेकॉर्डर चालू करून ठेवला होता. त्यांना हिप्पोंचे आवाज हवे होते.

त्या शनिवारी संध्याकाळी खिचडी खाता खाता काका म्हणाले, "शैलेंद्र, तू साउंडमधला माणूस. एक कॅसेट ऐकून सांग."

पाणी. पक्षी. लांबून हिप्पोचा हुंकार. गाइडचा दबका आवाज, "कीप लेफ्ट."

मग वल्ह्याचा आवाज. चुबुक... चुबुक...

"हे तुम्ही," मी म्हणालो.

"हो. आता नीट ऐक."

काकांच्या वल्ह्याच्या मधे मधे आणखी एक वल्हं पडत होतं...

टेपरेकॉर्डरच्या अगदी जवळ.

काकांचं वल्हं लांब आणि मंद. हे इतकं जवळ, की त्याच्यावरून निथळणारे थेंबही ऐकू येत होते.



"दुसऱ्या कुणाची होडी असेल, काका."

"सगळे पुढे होते. मी लास्ट."

"मग इको?"

"इको आधी येतो का रे?"

खरंच. ते वल्हं आधी पडत होतं. काकांचं त्याच्यामागून. दोघांच्या होडीत पुढचा ताल धरतो, मागचा तो सांभाळतो.

"नदीवर मला काही ऐकू आलं नाही. सीट डोळ्यांसमोर होती, रिकामी. इथे येऊन कॅसेट लावली तेव्हा रियलाइज झालं. पाच दिवस कुणीतरी सोबत होतं, आणि मी वेडा वाईट वाटून घेत होतो."

काका चक्क हसत होते.

"रोज जेवताना लावतो. भीती नाही वाटत, बरं वाटतं. पण टेप झिजत चाललीय. तू एक कॉपी करून दे. ही गेली तर मग..."



मी कॅसेट घेऊन आलो. कॉलेजच्या लॅबमध्ये कॉपी केली. ऐकली.

कॉपीत एकच वल्हं... काकांचं.

तीनदा केली. तीनदा तेच. ओरिजिनलवर मात्र दोन्ही स्वच्छ.

आता ओरिजिनल परत द्यायची, एवढंच करायचं होतं. पण शनिवार लांब होता. त्या आठवड्यात मीही ती रोज जेवताना लावली. खोलीत कुणीतरी आहे असं वाटायचं. अमेरिकेत आल्यापासून पहिल्यांदाच मी पोटभर जेवलो.

शनिवारी काकांना दिली ती कॉपी. त्यांचं अक्षर असलेल्या जुन्या कव्हरमध्ये घालून.

त्यांनी लावली. ऐकली. मागे घेऊन परत ऐकली.

"गेलं वाटतं," एवढंच म्हणाले.

ओरिजिनल माझ्या बॅगेत होती, पायाशी. मी तोंड उघडलं नाही. मला तेव्हाही लाज वाटत होती. पण त्या खोलीवर परत एकट्यानं जायची माझ्यात हिंमत नव्हती.

मार्चमध्ये काका गेले. हार्ट अटॅक. शेजारणीला ते जेवणाच्या टेबलाशी बसलेले सापडले. ताटातलं अन्न तसंच होतं.

सगळं उरकून मी खोलीवर आलो आणि कॅसेट लावली.

पाणी. पक्षी. हिप्पो. गाइडचं "कीप लेफ्ट."

आणि मग...

काहीच नाही.

जवळचं वल्हं नाही. काकांचंही नाही. दोन्ही बाजू शेवटपर्यंत ऐकल्या.

टेप झिजली असेल, असं लोक म्हणतात. मी याच विषयात तीस वर्षं नोकरी केली. झिजलेल्या टेपवर पक्षी इतके स्वच्छ ऐकू येत नाहीत.

ते दोघं एकत्र पुढे गेले, अशी मी मनाची समजूत घालतो. शनिवारी अजूनही कॅसेट लावतो. "काका, चुकलं माझं," असं मोठ्यानं म्हणतो, आणि ती संपेपर्यंत बसून राहतो.