तिसऱ्या घंटेनंतरची खरखर

"आज माइक पुन्हा खरखरला, तर उद्यापासून यायचं नाही!" मॅनेजर मामावर ओरडला आणि पडद्यामागे लपलेल्या तिघांनी ते ऐकलं.

या नाट्यगृहात आवाजाचं काम बारा वर्षं मामाच सांभाळत होता. पण लागोपाठ दोन नाटकांत बिनतारी माइकनी दगा दिला. राजा तलवार उपसून गरजला, की स्पीकरमधून खर्रर्र! लोक हसून हसून बेजार, आणि खापर फुटलं मामाच्या डोक्यावर.

"बाबांची नोकरी जाणार!" भोंगा कुजबुजला. त्याची कुजबुज म्हणजे इतरांचं ओरडणं. नाव काही उगाच पडलं नव्हतं. सतत त्याच्या मागे असणारी त्याची सात वर्षांची बहीण, शेपूट, लगेच मुसमुसायला लागली. त्यांची आतेबहीण तेवढी गप्प होती.

"अगं, काहीतरी बोल ना, ठोकळे!"

ठोकळी हे नाव याच सुट्टीतलं. दर सुट्टीत ती मामाकडे यायची, पण या वेळी आजोबा नव्हते. ते गेल्याचं कळलं तेव्हा ती रडली नाही, नंतरही नाही. दाताच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिल्यावर गाल होतो ना, तशी ती आतून सगळी बधिर झाली होती. आजोबांचा छोटा रेडिओ पिशवीत घेऊन फिरायची, पण लावायची कधीच नाही. त्यातले सेल आजोबांनी स्वतः घातले होते. ते संपू नयेत एवढंच तिला वाटायचं.

पण काही वाटत नसलं, की दिसतं मात्र बरंच! दोन्ही नाटकांना सगळे हसत होते नाहीतर चिडत होते, तेव्हा ही नुसती बघत बसली होती.

"दुपारी माइक तपासतात तेव्हा खरखर नसते," ती म्हणाली. "पहिल्या घंटेला नसते, दुसऱ्या घंटेलाही नसते. तिसरी झाली की सुरू."

"मग काय, घंटेला भूत लागलंय?"

"तिसऱ्या घंटेला नवे एलईडी दिवे लागतात."

भोंग्याचं तोंड उघडंच राहिलं. स्वस्तात मिळाल्या म्हणून मॅनेजरने गेल्याच महिन्यात रंगमंचाच्या कडेने एलईडीच्या चाळीस पट्ट्या लावून घेतल्या होत्या. आणि वर हुकूम काय? प्रेक्षक बसल्याशिवाय एकही पेटवायची नाही, उगाच जुन्या होतात!

तिघं धावत मामाकडे गेले. ऐकताऐकता मामाने कपाळावर हात मारला.

"अरे देवा! खरखर झाली की मी माइकच बदलत बसलो! माइक रेडिओच्या लहरी सोडतो आणि माझी रिसीव्हरची पेटी त्या पकडते. दिवे हलक्या प्रतीचे असले तर तेही नको त्या लहरी सोडतात. पण चाळीसातला चोर कोणता, हे कसं शोधायचं?"

"रेडिओने," ठोकळी म्हणाली. तिचा हात पिशवीत गेला आणि तिथेच थांबला. सेल उतरले तर? तिने मामाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग तिने रेडिओ काढून बटण फिरवलं.

मॅनेजर जेवायला गेला होता. भोंग्याने वायरमनकाकांना गळ घातली आणि दिवे लागले. ठोकळी एकेका पट्टीपाशी रेडिओ नेऊ लागली. हळू आवाजात गाणं चालू होतं. डाव्या कोपऱ्यात मात्र गाणं बुडालं. खर्रर्र!

"सापडला!" शेपूट किंचाळली. खाली फळीवर, पट्टीला अगदी चिकटून, मामाची पेटी होती.

पण एक सापडला म्हणून थांबून कसं चालेल? चाळीसही तपासल्या. चोर तीन निघाले. शेवटच्या पट्टीपाशी रेडिओचा आवाज बारीक होत होत बंद पडला. ठोकळीने तो पिशवीत ठेवला. तिला काहीच वाटलं नाही.

"माझे दिवे कोणी लावले?" दारातून मॅनेजर गरजला.

"साहेब, खरखर माइकमुळे होते ना?" भोंग्याने साळसूदपणे विचारलं. "मग हा धरा माइक. आता सेल काढा. हं, मुठीत घट्ट धरा!"

मॅनेजरने सेल काढले. माइक मेला. तरी पेटीवरचे लहरी दाखवणारे हिरवे ठिपके भराभर चढले आणि स्पीकर ओरडला, खर्रर्र! वायरमनकाकांनी तीन पट्ट्या बंद केल्या. ठिपके विझले, चिडीचूप! मॅनेजर मुठीतल्या सेलांकडे बघतच राहिला.

मामाने पेटी दिव्यांपासून लांब, पण नटांच्या जवळ नेली आणि माइकचा चॅनेलही बदलला. पाच वाजता तिसरी घंटा झाली. उरलेल्या सदतीस पट्ट्या झळाळल्या. राजा गरजला आणि शेवटच्या रांगेपर्यंत शब्द न् शब्द खणखणीत पोहोचला!

"चुकलं माझं," नाटक संपल्यावर मॅनेजर मामाला म्हणाला. "यापुढे तुम्ही म्हणाल तेव्हा दिवे लागतील. आणि पोरांनो, तुम्ही तर आमचे डोळेच उघडलेत!"

भोंगा छाती फुगवून हसला. ठोकळीने नुसती मान हलवली.

मामा माइकमधले सेल काढत होता. त्यातले दोन त्याने तिच्यापुढे धरले. "एका प्रयोगापुरतेच वापरलेत. रेडिओत घाल."

तिने रेडिओचं झाकण उघडलं. आजोबांच्या सेलांवर कागदाची बारीक पट्टी चिकटवलेली होती आणि तिच्यावर निळ्या शाईत घातल्याची तारीख होती. मामाने दिलेल्या सेलांवरही तशीच पट्टी होती, तशीच निळी तारीख.

"माझ्या बाबांनी लावलेली सवय," मामा म्हणाला. "बारा वर्षांत एकदाही चुकवली नाही."

जुने सेल तिने मुठीत घट्ट आवळले आणि ती रडायला लागली. हुंदके देऊन, नाक गळेपर्यंत.

"ठोकळी रडतेय!" भोंगा ओरडला.

"रडू दे रे तिला," मामा कसाबसा म्हणाला.

शेपटाने त्याची बाही ओढली. "बाबा, आता तुझाच आवाज खरखरतोय! दिवे बंद करायला सांगू?"