यल्लाप्पाचा आवाज

जतला जायचं काम तसं साधं होतं. एका आंधळ्या म्हातारीशी घटकाभर बोलायचं आणि परत यायचं. पोरांनो, हंबीरराव माझ्या चांगल्या ओळखीचा. हे त्यानं मला स्वतः सांगितलं, तेही एकदाच.

हंबीररावाची सुरुवात मूकपटातली. पुढं बोलपट आले. कधी पाटील, कधी दिवाणजी, कधी नायिकेचा आजारी बाप. पडद्यावर नाव क्वचित यायचं, पण आवाज लोक ओळखायचे. सांगलीला रेडिओ केंद्र झालं, तेव्हा नभोनाट्यात एकटा हंबीरराव तीन-तीन माणसं बोलू लागला.

पासष्ट साल. मार्गशीर्षातली अमावस्या, बुधवार. दुपारी जतकडचा गुंडा नावाचा मेंढपाळ त्याला शोधत आला. गुंडाचा मित्र यल्लाप्पा लष्करात होता, सप्टेंबरच्या लढाईत गेला. तार आली, ती गावानं त्याच्या आईपासून, हरणाबाईपासून, लपवली. आता म्हातारीनं अंथरूण धरलं होतं.

"लय दिस झालं, जीव जाईना तिचा," गुंडा म्हणाला. "यल्ल्या आल्याबिगर जात न्हाई म्हनती. तुमी त्येचा आवाज काढा. सुखानं जाईल बिचारी."

एसटीत तालीम झाली. यल्लाप्पा कसा खाकरायचा, बोलताना कुठं थांबायचा, हंबीररावानं सगळं विचारून घेतलं.

"आवं, इतकं ग्वाड न्हाई. त्यो बोलला की मेंढरं बुजायची."

पुढच्या बाकावरची बाई हसली. जत यायच्या आत मात्र गुंडाचे डोळे भरून आले. "बास. ह्योच."

गावात पोचेतो रात्रीचे दहा झाले. खोलीत चिमणीचा दिवा जळत होता. शेजारच्या बायकांना बाहेर बसवलं. एखादीला हुंदका आला असता तर सगळं फुटलं असतं. गुंडा दारात थांबला. हंबीरराव बाजेच्या डाव्या अंगाला बसला आणि त्यानं म्हातारीचा डावा हात हातात घेतला.

"आये, मी आलोय."

हरणाबाईचा चेहरा उजळला. "यल्ल्या... लय वाट बगाय लावलीस रं."

"रजा मिळत नव्हती."

"जेवलास?"

"जेवलो की. गुंडाकडं."

"गुंडाकडं? त्येच्या बायकूला भाकरी थापाय येती व्हय आता?"

दारात गुंडा गालात हसला. सगळं ठरल्यासारखं चाललं होतं. मग ती म्हणाली, "एकदा हाक मार. ल्हानपनी मारायचास तशी. आपल्या दोघांतलीच."

हंबीररावानं दाराकडं पाहिलं. गुंडानं मान हलवली. त्यालाही ती हाक ठाऊक नव्हती.

म्हातारीची बोटं सैल पडू लागली. चेहऱ्यावरचा उजेड विझत चालला.

"तू... कोन हाईस?"

बाई जाणार, आणि पोरगा आलाच नाही हे कळून जाणार. काहीतरी बोलायलाच हवं होतं. हंबीररावानं तोंड उघडलं.

आवाज आला.

एसटीत घोटलेला. तोच खाकरा. तेच थांबणं.

पण बाजेच्या उजव्या अंगानं.

तिथं कुणी नव्हतं. बाज, हातभर जागा, आणि भिंत.

एकच शब्द होता. तो हंबीररावानं मलाही सांगितला नाही.

गुंडा दारातच मटकन खाली बसला.

हरणाबाईनं डावा हात सोडवून घेतला. हळूच. परक्याच्या हातातून सोडवावा तसा. मग उजवा वर उचलला. तांब्या धरायचं बळ नव्हतं तिच्यात... हात हवेत तसाच राहिला. थरथरसुद्धा नाही.

"व्हय... चल," ती म्हणाली. भिंतीकडं तोंड करून.

श्वास थांबला.

हात वरच...

मग तो सावकाश खाली आला. पडला नाही. कुणी जपून ठेवावा, तसा आला.

पहाटे बायकांनी तिला आंघोळ घातली. उजव्या हाताची बोटं काही केल्या सरळ होईनात. तेल लावलं, चोळलं. मूठ मिटेना, तळवाही उघडेना. बोटं वळलेली, आणि मधे दुसऱ्या एका हाताएवढी जागा.

तशीच नेली.