डेल्फियाने सोडलं त्याची गोष्ट

एप्रिलमधल्या एका ओल्या दुपारी, माझ्या मावशीच्या खानावळीसमोरच्या वळणावर, एका मोटारीच्या टपावरून प्रेत खाली पडलं. मी काउंटर पुसत होते. फडकं तसंच हातात घेऊन बाहेर धावले. ते प्रेत नव्हतं. मेणकापडात गुंडाळलेलं, माणसाच्या उंचीचं, जाड तारांचं बास वाद्य होतं.

मोटारीतून एक लांबोडका माणूस उतरला. टोपीच्या कडेवरून पाणी गळत होतं. त्याने आधी वाद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे... आणि मग वाद्याकडे बघायचं विसरला.

"मॅडम, ते टोक धराल जरा?"

"हे नीट बांधून का नेत नाही तुम्ही?"

"बांधतो की. सुटतं."

जगातल्या तमाम दोऱ्यांनी आपल्याविरुद्ध कट केलाय, अशा सुरात तो बोलला. त्याचं नाव रॉइस टॉलिव्हर. खाणकामगाराचा पोरगा. नाकातून गायचा आणि त्यावर पोट भरायचा. सोबत स्टील गिटार वाजवणारे हॉइटकाका होते. त्यांचा चेहरा पाहून वाटायचं की कोणीतरी गेलंय आणि बातमी सांगायचं काम यांच्यावर आलंय.

दोघांनी घेवड्याची उसळ आणि मक्याचा पाव मागितला. रॉइसने दुसऱ्यांदाही मागितला. माझ्या ॲप्रनवर मावशीने दोऱ्याने माझं नाव भरलं होतं. "डेल्फिया," तो हलकेच म्हणाला. वाचल्यासारखं नाही, चाखल्यासारखं. माझ्या हातातली कॉफी बशीत सांडली. मग त्याने नॉक्सव्हिलचा रस्ता विचारला, मी "पुलापाशी डावीकडे" म्हणाले, आणि तो गेला.

एवढंच झालं. मी काही वाढवून सांगत नाहीये. ते काम पुढे दुसऱ्याने केलं.

जूनमध्ये रेडिओवर गाणं आलं:

*पाऊस होता, रात्र होती, डेल्फिया गं डेल्फिया,*
*दार ओढून गेलीस तू अन् विझून गेला दिवा...*

दुपारची रात्र झाली होती. खानावळीला नसलेला दिवा आला होता. आणि घेवड्याची दोन ताटं हाणून गेलेल्या माणसाला मी टाकून गेले होते. पण कानाजवळ चिकटलेली एक ओली बट गाण्यात होती, आणि ती बरोबर डाव्या कानाजवळ होती. माझं डोकं उठलं ते त्या बटेने. हा माणूस खरंच माझ्याकडे बघत होता, की गाण्यापुरतं ॲप्रनवरचं कोणतंही नाव त्याला चाललं असतं? ते कळेपर्यंत मला चैन पडणार नव्हतं.

आमच्या केंटकीच्या डोंगरातली माणसं तशी संशयी. निवडणुकीचा निकाल मानत नाहीत, डॉक्टरचं निदान मानत नाहीत. पण मागे स्टील गिटार रडत असली की समोरचा जे गातो, ती शपथेवरची साक्ष. आठवडाभरात वाण्याने माझ्याशी बोलणं सोडलं. रविवारी पाद्रीबुवांनी मला बाजूला घेतलं.

"डेल्फिया, बाळ, क्षमा मागायला उशीर कधीच होत नसतो."

"पण मी काही केलंच नाही. रस्ता सांगितला फक्त."

"जायचा रस्ता दाखवलास, हो ना?" ते खिन्नपणे म्हणाले. "गाण्यात तसंच आहे. तू सध्या गायकवृंदात मागच्या रांगेत उभी राहा."

मी दोन वर्षं टीचर्स कॉलेजात काढली आहेत. तर्कशास्त्र शिकले आहे. त्याचा काही उपयोग झाला नाही.

मग एका शनिवारी बस पकडून मी रेडिओ स्टेशनवर गेले. एका पिठाच्या कंपनीच्या खर्चाने तिथे दुपारचा कार्यक्रम व्हायचा. रॉइस पायरीवर बसून तार बदलत होता. मला बघून उठला आणि तार पुन्हा सुटली.

"मिस डेल्फिया. बसा ना."

"मी बसायला नाही आले. मी तुम्हाला कधी सोडलं?"

"तसं... नाही सोडलंत."

"मग गावभर सांगता कशाला?"

"सुखी माणसाच्या गाण्याची तबकडी कोण घेतंय, मिस डेल्फिया? आमची आई म्हणायची, सुख घरी गावं, बाहेर गायला दुःख लागतं."

"तुमचं दुःख, नाव माझं?"

"तुमचं नाव चालीत बसतं," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला. मला त्याला गिटारीने हाणावंसं वाटलं. आणि हेही वाटलं की कान बरे दिसतायत.

हॉइटकाका डोळे मिटून ऐकत होते. डोळे न उघडता म्हणाले, "भांडू नका पोरांनो. आपल्यात रीत आहे. गाण्याला उत्तर गाण्याने द्यायचं. चाल त्याचीच घ्यायची आणि त्याच चालीत त्याचं नाक कापायचं. पोरी, गाता येतं का?"

"चर्चमध्ये गाते. मागच्या रांगेत."

"मग राग भरपूर असेल. चालेल."

पुढच्या शनिवारी मी त्याच मायक्रोफोनसमोर उभी राहिले:

*दार माझं सताड उघडं, राजा रे माझ्या राजा,*
*उसळ खाऊन निघून गेलास, आता कसला गाजावाजा...*

आवाज जराही लटपटला नाही. रॉइस कोपऱ्यात उभा राहून ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावर पराभव असायला हवा होता. होता आनंद. असल्या माणसाचं काय करायचं असतं?

लोकांना भांडण आवडलं. उन्हाळाभर आम्हाला जत्रांतून, शाळांच्या सभागृहांतून, तंबाखूच्या रिकाम्या गोदामांतून बोलावणी आली. आधी त्याने मला दोष द्यायचा, मग मी त्याला. बायका माझ्या बाजूने ओरडायच्या, पुरुष त्याच्या, आणि घरी जाताना नवराबायको एकमेकांचा हात धरून जायचे. आम्ही मात्र मोटारीत बास वाद्याच्या दोन बाजूंना बसायचो.

पण गाणारा म्हणून तो खरा होता, हे मान्य करावं लागतं. शहरातल्या तबकडी कंपनीचा साहेब एकदा येऊन म्हणाला, स्टील गिटार काढा, मागे वीस व्हायोलिनं घालतो, देशभर वाजेल. रॉइसने शांतपणे विचारलं, "आणि हॉइटकाकाला घालवून मी रडू कोणासोबत?" साहेब तसाच परत गेला. त्या संध्याकाळी गाडीत मी माझी शाल त्याच्या गुडघ्यांवर टाकली. त्याने माझ्याकडे बघितलं. खूप वेळ... मी श्वास रोखला... आणि त्याने खिशातून पेन्सिल काढली.

"काय लिहितोस?"

"काही नाही. 'शाल'ला काय जुळेल?"

"हाल," मी म्हणाले, आणि शाल ओढून घेतली.

असं दर वेळी. मी हसले की कडवं. रुसले की धृपद. या माणसासमोर शिंकायचीही चोरी होती.

सप्टेंबरमध्ये, एका जत्रेत, स्टेजमागे कणसं भाजत होती तिथे त्याने टोपी काढली. "डेल्फिया, तू माझ्याशी—"

"हे कितव्या कडव्यात बसणार आहे?"

तो टोपी फिरवत राहिला. "मी खरंच बोलतोय."

"तू खरं कधी बोललास, रॉइस? मी तुला टाकलं नाही, हे एकदा तरी बोललास? चालीशिवाय? लोकांसमोर?"

"ते खोटं होतं म्हणालो, तर पुन्हा माझ्या कोणत्या गाण्यावर विश्वास ठेवतील लोक? आपला धंदाच त्यावर आहे."

"मग सांभाळ धंदा."

आणि मी बस पकडून घरी आले. म्हणजे इतक्या महिन्यांनी मी त्याला खरोखरच सोडलं. आता हा यावरही गाणं करणार, या विचाराने बसमध्ये मला जे रडू आलं त्यात अर्धा संतापच होता.

शनिवारी मावशीने खानावळीतला रेडिओ लावला. मी म्हटलं, बंद कर. तिने आवाज वाढवला. निवेदकाने पिठाचं कौतुक केलं आणि म्हणाला, आता रॉइस टॉलिव्हर, 'डेल्फिया'.

गिटार वाजलीच नाही. कोणीतरी खाकरलं.

"मंडळी... ते गाणं. ते मी मनानेच रचलं," रॉइसचा आवाज आला. बोलताना तो नाकातून बोलत नाही, हे मला ठाऊक होतं, तालुक्याला नव्हतं. "ती कुठे गेली नव्हती. गेलो मी. तिने जेवायला वाढलं, रस्ता सांगितला. पण मला... तिथून निघवत नव्हतं. निघवत नाही, यावर गाणं कसं करतात ते मला येत नाही. ती सोडून गेली, यावर करतात ते येतं. म्हणून तसं केलं. तिची काही चूक नाही. मला बोलता येत नाही नीट. माफ करा."

मागे हॉइटकाकांनी एकही सूर लावला नाही. त्यांच्या आयुष्यातली ती सर्वात अवघड साथ असणार.

खानावळीत कोणी घास गिळेना. मग कोपऱ्यातल्या टेबलावरून पाद्रीबुवा उठले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"बघ डेल्फिया," ते म्हणाले, "काय मनाचा माणूस आहे. तुझी अब्रू राखायला सगळा दोष अंगावर घेतला त्याने."

"पाद्रीबुवा, तो खरं बोलला."

"हो बाळ, हो," असं म्हणून त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. सोमवारपर्यंत गावातल्या दुकानात त्या गाण्याची एकही तबकडी विकायला शिल्लक राहिली नाही. एरवी खोटं गाणाऱ्याला पकडलं तर आमची माणसं सोडत नाहीत. पण कबुली दिली, तर अजिबात विश्वास ठेवत नाहीत.

तो मंगळवारी दुपारी आला. मागच्या दाराने, गिटार न घेता. हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं.

"ऐकलंस?"

"ऐकलं."

"कोणालाच पटलं नाही."

"मला पटलं."

त्याने माझ्याकडे बघितलं. खिशाकडे हात गेला नाही. मी लक्ष ठेवून होते.

"मग... जत्रेत मी जे विचारत होतो—"

"पूर्ण विचार या वेळी. मी मध्ये बोलणार नाही."

त्याने पूर्ण विचारलं. ते वाक्य मी इथे देत नाही. त्यात यमक नव्हतं, ताल नव्हता, मधे एकदा तो खोकला, आणि शेवटी क्रियापद विसरला. मी हो म्हणाले.

लग्नाला अख्खं गाव आलं, आणि रांगेने येऊन प्रत्येकाने मला सांगितलं की बाई, या वेळी तरी त्याला सोडू नकोस. मी मान डोलावत राहिले. पुढे त्याने माझ्यावर खूप गाणी केली. सगळ्यांत मी त्याला टाकून जाते, कधी आगगाडीने, कधी दुसऱ्याच्या मोटारीने. मागच्या दारातलं ते एक वाक्य मात्र त्याने आजवर कुठेही गायलेलं नाही.