साडूचा आवाज

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या.

मी जन्मभर थापा मारल्या, हे आमच्या घरादाराला ठाऊक आहे. पण ही थाप नाही. थाप असती तर मी अमावास्येची रात्र घेतली नसती का? वारा, कुत्र्याचं रडणं, सगळं फुकटात मिळतं.

हे घडलं दुपारी. शनिवारी, जेवण अंगावर येतं त्या वेळेला. एका लहानशा थिएटरात, जिथल्या खुर्च्या माणूस बसला की कण्हतात.

आणि घडलं माझ्या सख्ख्या आतेभावाच्या बाबतीत.

त्याला आम्ही केसूदादा म्हणतो. डोक्यावर औषधाला केस नाही, पण धंदा केसांचा. सिनेमात माणसाचा लांडगा व्हायचा असला की नटाच्या तोंडावर केस चिकटवायचे, हे त्याचं काम. नटाला आडवं झोपवायचं. डोकं लाकडाच्या खाचेत घट्ट बसवायचं. चिमट्यानं थोडे केस लावायचे, थोडं चित्रीकरण, थांबायचं. पुन्हा थोडे केस. नाक खाजलं तरी नटानं हलायचं नाही. मग पडद्यावर गालातून केस उगवताना दिसायचे.

असा एक सिनेमा त्यानं जीव ओतून केला. पण त्या सिनेमाचा आवाज केला त्याच्या साडूनं.

या साडूला सगळे बोटमोडे म्हणायचे. चार माणसांत बसला की बोटं मोडायचा. करंगळीपासून सुरुवात, अंगठ्याला शेवट. त्याच बोटांवर त्यानं लांडगा उभा केला. आधी करंगळी. कट्. मग ओल्या फडक्यात गुंडाळलेली गाजरं पिळायची, की लांडग्याची हाडं मोडली. जुना चामडी पट्टा ताणायचा, की कातडी ताणली. आणि शेवटी रिकाम्या पिंपात डोकं घालून स्वतःच... हूऊऊऊ.

सिनेमा गाजला. लोक बाहेर पडताना एकच बोलायचे, "काय तो आवाज!"

केसूदादाची बायको, म्हणजे आमची वहिनी, तीसुद्धा तेच म्हणाली.

"अहो, भावजींनी ती करंगळी मोडली ना, मी डोळेच मिटले!"

"मग केस पाहिलेस की नाही?"

"डोळे मिटल्यावर केस कसे दिसणार?"

झालं! ते वाक्य केसूदादाच्या पोटात जाऊन बसलं आणि पाय पसरून राहिलं. साडूनं करंगळी मोडली की सगळं थिएटर डोळे मिटतं. आणि नेमके तेव्हाच तर केस उगवतात! म्हणजे केसूदादाची कारागिरी जगात कुणी पाहिलीच नव्हती. साडूच्या वाढदिवसाला तो हसून जायचा आणि दात खात परत यायचा.

मागल्या वर्षी बोटमोडे गेले. केसूदादा रडला. खरं रडला. पण डोळे पुसता पुसता त्याच्या मनात काय आलं असेल, ते मी सांगत नाही. तुम्ही शहाणे आहात.

पुढे काही सिनेमावेड्या पोरापोरींनी आपल्या आवडत्या लांडगामाणसाच्या सिनेमांचा एक दिवस ठेवला. त्यात हा जुना सिनेमाही. त्यांच्यातल्या एका मुलीनं तो संगणकावर धुऊनपुसून लख्ख केला आणि केसूदादाला तपासायला बोलावलं. तिथे चहावर वाद रंगला होता.

"लांडगा उशिरा दिसला पाहिजे," एक म्हणाला. "आधी नुसता दाराखालून सावलीचा पाय."

"छे! सकाळी तो फाटक्या शर्टात घरी येतो आणि बायको विचारते, रात्रभर कुठे होतात? तिथे रडू आलं तर सिनेमा मोठा," मुलगी म्हणाली.

"आणि केस?" केसूदादानं खाकरून विचारलं. "केस नसतील तर रडायचं कुणासाठी? शर्टासाठी?"

सगळे हसले. मग तो पहिला पोरगा म्हणाला, "काका, आम्हा सगळ्यांचा लाडका तुमचाच सिनेमा. काय आवाज आहे हो!"

केसूदादाचा चहा कडू झाला.

तेवढ्यात मुलीनं विचारलं, "काका, त्या बदलाच्या प्रसंगातच आवाजात थोडी खरखर आहे. साफ करू की राहू देऊ?"

"काढूनच टाक," केसूदादा म्हणाला. "तिथे मुळात शांतताच होती. तो आवाज नंतर कुणीतरी घुसडलाय."

म्हाताऱ्या माणसाचा शब्द. मुलीनं काढला.

शनिवारी थिएटर भरलं. केसूदादा सगळ्यात मागे बसला, कोण डोळे मिटतं ते पाहायला. शेजारची खुर्ची रिकामी. वहिनी आपल्या थोरल्या बहिणीला हाताला धरून घेऊन आली. बोटमोडेंची बायको. आम्ही तिला ताई म्हणतो. मोतीबिंदूनं तिला आता धूसर दिसतं.

"ताई, तुम्ही कशाला आलात? दिसणार काय तुम्हाला?" केसूदादानं विचारलं.

"पाहायला कोण आलंय? ऐकायला आलेय," ताई म्हणाली. "घरात त्यांचे फोटो ढीगभर आहेत. फोटो बोलतात होय? त्यांचा आवाज एवढ्या या सिनेमातच उरलाय."

केसूदादानं खुर्चीचे हात धरले. तो उठला. बहुतेक मुलीला गाठायलाच निघाला होता.

पण दिवे मालवले, आणि तो पुन्हा बसला.

सिनेमा सुरू झाला. तो प्रसंग आला. चंद्र. खिडकी. खाचेत डोकं घातलेला नट.

आणि शांतता.

एकानंही डोळे मिटले नाहीत. सगळे टक लावून पाहत होते. गालातून, कपाळातून, बोटांच्या पेरांतून केस उगवत होते. त्याचे केस! केसूदादाचा ऊर भरून आला.

पुढच्या रांगेत ताई कान पुढे करून बसली होती. वाट पाहत.

आणि तेव्हा...

कट्.

आवाज पडद्याकडून आला नव्हता. शेजारच्या रिकाम्या खुर्चीतून आला होता.

केसूदादानं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. ते गुडघ्यांवर निपचित होते.

कट्. दुसरं बोट.

पुढच्या रांगांतली डोकी पटापट खाली गेली. लोकांनी डोळे मिटले.

त्याला वळून शेजारी पाहायचं होतं. पण मान हलेना. जणू कुणी त्याचं डोकं खाचेत घट्ट बसवलं होतं...

कट्. कट्. कट्.

मग ओलं काहीतरी पिळल्याचा आवाज. मग चामडं ताणल्याचा.

आणि शेवटी...

हूऊऊऊऊ.

दिवे लागले. शेजारची खुर्ची रिकामीच होती. टाळ्या थांबत नव्हत्या. ती मुलगी पांढरीफटक होऊन धावत आली.

"काका, मी तर आवाज काढून टाकला होता! आता तो प्रसंग पुन्हा लावून ऐकला. तिथे काहीच नाही!"

ताईचे गाल ओले होते. "करंगळीपासून अंगठ्यापर्यंत," ती म्हणाली. "अगदी तसंच. हे ऐकवलंत, केसूभावजी, देव तुमचं भलं करो."

दोघं घरी आली. दाराशी किल्ली काढता काढता वहिनी म्हणाली, "तो आवाज मागून आला. मी वळून पाहिलं."

"मग?"

"तुमचं तोंड उघडं होतं."

"म्हणजे मी ओरडलो?"

वहिनीनं किल्ली कुलपात फिरवली.

"तोंड तुमचं होतं. आवाज भावजींचा."

हे सगळं मला केसूदादानं परवा सांगितलं. सांगताना दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता. त्याचं मन हलकं व्हावं म्हणून मी म्हटलं, "ते जाऊ दे, दादा. केस मात्र झकास होते हो! खरा सिनेमा तुझाच."

खोलीत आम्ही दोघंच होतो. त्याचे हात मांड्यांखाली. माझे कपबशीला.

तरी...

कट्.

केसूदादानं माझ्याकडे पाहिलं नाही. भिंतीकडे बघून तो हळूच म्हणाला, "आवाज. त्या सिनेमात ग्रेट होता तो आवाज."

मीही घाईघाईनं मान हलवली.

आता त्याच्याकडे जातो तेव्हा मी चप्पल काढायच्या आधीच दारातून आवाजाची तारीफ करतो. थापाड्या माणूस मी, पण तेवढं वाक्य अगदी मनापासून म्हणतो.