तिसरा होकार

आमचं खामगावचं घर तीन खोल्यांचं होतं. पुढे बैठक, मधे झोपायची खोली, शेवटी स्वयंपाकघर. स्वयंपाकघराची एक भिंत शेजारच्या तानुबाईंच्या घराशी सामाईक, दुसरी परसाकडची. परसाकडच्या भिंतीला खिडकी नव्हती. हे वाक्य मी मुद्दाम इतकं सरळ लिहिते आहे.

माझ्या आईने, अन्नपूर्णाबाईने, बावीस वर्षांत एकच मागणं मागितलं. त्या भिंतीला हातभर खिडकी. माझे वडील शेषराव शाळेत ड्रॉइंग मास्तर होते आणि घरी तसबिरी रंगवत. ओले कॅनव्हास ते परसात, नेमके त्या भिंतीलगतच्या छपराखाली वाळत ठेवत. जवसाच्या तेलातला रंग आठ-आठ दिवस ओला राहतो. त्यावर धूर बसला की मेहनत वाया. म्हणून खिडकी नाही. चुलीत जळणाऱ्या पऱ्हाट्यांचा सगळा धूर आईच्या छातीत बसला आणि चौतीस सालच्या भादव्यात ती गेली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी वडिलांना विचारलं, "यांना मोकळी हवा कधी मिळालीच नाही का?" वडील हातातल्या टोपीची घडी घालत राहिले.

तिचा फोटो नव्हता. तसबीरही नव्हती. गावातल्या शंभर मेलेल्यांचे चेहरे त्यांनी रंगवले होते, जिवंत बायकोचा एकदाही नाही.

फोटो नसलेल्या मृताची तसबीर करायची त्यांची एक रीत होती. भावाचं नाक, लेकीचे डोळे असं उसनं घेऊन चेहरा जुळवायचा. मग त्या माणसाला ओळखणाऱ्या तिघांना वेगवेगळं बोलवायचं. तिघांनी "हाव, हेच" म्हटलं की चित्रावर सही. दुखवट्याच्या घरात चित्राला नाही म्हणणं अशुभ, त्यामुळे नाही कुणी म्हणत नसे. लहानपणी मी एक गोष्ट पाहिली होती. पहिला माणूस होकार देताना जरा घुटमळतो. तिसऱ्याचा होकार झाला की पहिल्या दोघांनाही दुसरा चेहरा आठवत नाही. आठवण आळशी असते, समोर आहे त्यावर टेकते, असं मी पुढे पुस्तकांतून वाचलं आणि मला ते पटलं.

आई गेल्यावर वर्षभर त्यांनी बाहेरचं काम घेतलं नाही. फक्त आमचं घर रंगवलं. मी अमरावतीला मुलींच्या शाळेत इतिहास शिकवत होते. सुट्टी लागली की यायची.

दिवाळीला आले तेव्हा चार चित्रं झाली होती. तुळस, पाण्याचा रांजण, मधल्या खोलीतली खुंटी, उंबरा. माणूस कशातच नव्हता. पाचवं अजून रंगवायच्या घोडीवर होतं. स्वयंपाकघर. मागच्या भिंतीतून चुलीवर उजेड पडला होता.

"बाबा, ही खिडकी कुठली?"

"आपली."

"आपल्याला खिडकी नाही."

ते ब्रश पुसत राहिले. "तू अमरावतीले राहते. तुले काय आठवते?"

मी त्यांना दंडाला धरून आत नेलं आणि भिंतीवर मूठ आपटली. काजळीचा पोपडा खाली पडला. त्यांनी भिंतीकडे असं पाहिलं, जसं ते वर्गातल्या ढ मुलाच्या चित्राकडे पाहत. समजूतदारपणे.

दुखवट्याच्या वर्षी आमच्याकडे कढई चढली नव्हती. तानुबाई फराळाचं ताट घेऊन आल्या आणि चित्रापुढे थांबल्या. क्षणभर त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"हाव मास्तर, हेच," त्या म्हणाल्या. "याच खिडकीतून तर मी अन्नपूर्णाले चूल पेटवाले इस्तू मागत होती."

"तानुबाई, कालच तुम्ही आत बसला होतात. कुठे आहे खिडकी?"

"काय वं पोरी! बुकं वाचू वाचू डोये गेले काय तुहे?" आणि त्या मनापासून हसल्या.

त्यांनी वडिलांचा मान राखला, असं मी समजले. तरी अमरावतीला परतल्यावर महिनाभर ते हसू मला टोचत होतं.

संक्रांतीला आले तेव्हा मागच्या भिंतीवर बारीक तडा होता. ओल आली असेल. मी दोरी घेऊन मोजला. एक बाजू सव्वा हात, दुसरी दीड हात, चारही कोपरे काटकोनात. ओल काटकोनात येत नाही, एवढं मनाशी म्हणून मी दोरी गुंडाळून ठेवली.

त्याच दिवशी साखरखेर्ड्याहून उकंडराव मामा आले, आईचे सख्खे भाऊ. वडिलांनी त्यांना चित्रापुढे बसवलं. मामा चित्राकडे वाकले. मग धोतराच्या सोग्याने डोळे पुसून म्हणाले, "हाव, दाजी. हेच."

"मामा, तुम्हीच म्हणायचात ना, माझी बहीण धुरात मरून राह्यली म्हणून?"

"धूर? एवढी खिडकी असल्यावर कायचा धूर वं? माही बहीण खिडकीत बसून जवारी निवडे. म्या सोता पाह्यलं."

"मग ती गेली कशाने?"

"वेळ भरली, बाई. त्यात कोनाचा दोष नाई."

वडील मान खाली घालून फरशीवर रंग घोटत होते. मामांचं बोलणं झालं आणि त्यांचे खांदे सैल झाले. भादव्यापासून उचललेलं ओझं कुणीतरी उतरवून घ्यावं तसे. हे चित्र कशासाठी चाललं आहे ते मला त्या खांद्यांवरून कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा करायला गेले आणि माझ्या हातावर ऊन पडलं.

खिडकीला पाच गज होते. गजांवर काजळी होती. नखाने खरवडली तर तिच्याखालीही काजळीच, वर्षांवर वर्षं चढलेली. चौकटीचं लाकूड एका जागी गुळगुळीत झालं होतं, कुणी रोज कोपर टेकावं तिथे. पलीकडे परस, आणि जिनिंगच्या कारखान्याकडून उडत आलेली कापसाची बारीक म्हातारी.

मी ओरडले नाही. इतिहास शिकवणारीचा पुराव्यावर विश्वास असतो. पुरावा आता त्यांच्या बाजूने होता. माझ्या बाजूने फक्त मी.

मे महिन्यात शाळा सुटली. जलंबला गाडी बदलून उन्हातून घरी पोचले. चित्रात आता आई होती. चुलीपुढे बसलेली, अंगावर तिचं हिरवं लुगडं. चेहऱ्याच्या जागी कोरा कॅनव्हास.

"बस," वडील म्हणाले. "चेहरा तुह्यावरून घ्यायचा आहे. मग पाह्य अन् एवढं सांग, हेच म्हणून."

"मी नाही बसणार. होकारही देणार नाही."

"काऊन वं? तुह्या मायले घरात उजेड मिळाला तर तुहं काय जाते?"

"ती असताना का नाही दिलात?"

त्यांनी हातातली काजळाची वाटी खाली ठेवली. दुपारी छत्री घेऊन बाहेर निघून गेले.

मी मधल्या खोलीत फरशीवर आडवी झाले. डोळा लागत होता. मी सात वर्षांची होते, आई त्या खिडकीत बसून माझी वेणी घालत होती. तिच्या भांगावर ऊन होतं. खोबरेलाचा वास येत होता. ती खोकत नव्हती. काहीतरी गुणगुणत होती आणि मधेच थांबून, "हालू नको वं," म्हणत होती.

किती वेळ मी त्या उन्हात होते कोण जाणे. मला फार बरं वाटत होतं.

मग मी ताडकन उठून बसले.

तिसरा होकार तोंडाने द्यावाच लागतो असं नव्हतं. तो माझ्याकडून काढून घेतला जात होता. आईला घरातून नेलं त्या दिवशीही मला इतका राग आला नव्हता. तिचा खोकला, तिचे लाल डोळे, रात्री उशी पोटाशी धरून बसणं, हे माझ्याशिवाय आता कुणाकडेही उरलं नव्हतं. तेही पुसून त्या जागी ऊन ठेवलं जात होतं.

वाटीत काजळ होतं. मी त्यात जवसाचं तेल ओतलं, मोठा ब्रश बुडवला आणि चित्रातली खिडकी बुजवली. गज, ऊन, चौकट, सगळी. पाच मिनिटं लागली. फक्त पाच मिनिटं.

वडील दारात आले तेव्हा मी ब्रश धरून तशीच उभी होते.

"हे काय केलं वं?"

"जसं होतं तसं."

त्यांची छत्री खाली पडली. "पूस ते. कोकिळा, लवकर पूस. ती आत आहे."

"ती बावीस वर्षं आत होती, बाबा."

ते चिंधी घेऊन धावले. पुसू लागले तसा काळा रंग आणखीच पसरला, भिंतीवरून चुलीवर, चुलीवरून हिरव्या लुगड्यावर. त्यांच्या तोंडून बारीक आवाज निघत होता. मी त्यांना तिथेच सोडून स्वयंपाकघरात गेले.

मागची भिंत होती तशी होती. मी मूठ आपटली. भरीव. मला आनंद झाला. तोही लिहून ठेवते, मला आनंद झाला.

चूल सकाळपासून गार होती. तरी खोलीत धूर होता.

डोळे सरावले तेव्हा भिंतीवरच्या काजळीत हातांचे पंजे उमटलेले दिसले. चुलीपासून सुरू झालेले. आधी बसल्या उंचीचे, मग उभ्या माणसाच्या उंचीचे. अंधारात कुणी भिंत चाचपत पुढे जावं तसे. खिडकीच्या जागी येऊन ते थांबले होते. तिथे ते दाटीने होते, एकमेकांना लागून.

मी मोजले. अकरा.

एकेकावर बोट ठेवून पुन्हा मोजले. बारा.