काशाला कानस लागली

हे घडलंय. खोटं वाटलं तर वाटू द्या. जावा बेटावर, क्लातेनजवळच्या आमच्या गावात, गुरुवारी, भर दुपारी साडेतीन वाजता. रात्रबित्र काही नव्हती.

लास्त्रीची आई, कार्ती आजी, म्हणजे गावच्या गामेलानची, त्या काशाच्या वाद्यांच्या ताफ्याची, गायिका. म्हातारपणी ती सगळं विसरली. जेवले की नाही, नवरा कधी गेला, काही आठवेना. पण तालमीच्या बंदिस्त मंडपात काशाच्या पट्ट्यांवर हातोड्या पडल्या, की मान वर करून म्हणायची, "लास्त्री, केस बांध ना गं!"

तेवढ्या एका हाकेवर लास्त्री जगत होती.

पण लग्नाच्या सुपाऱ्या आटल्या. वादक गळायला लागले. लोकांना सोबत कीबोर्ड हवा होता, आणि आमचा सूर त्याच्याशी जुळेना. इथे प्रत्येक गावाचा सूर आपापला, तो विकतच्या पेटीत कुठून असणार?

ताफा आता लास्त्रीच सांभाळायची; पट्ट्या घासून कीबोर्डच्या सुरात आणायला तिने सूर लावणाऱ्या विर्योकाकांना बोलावलं.

"पोरी, घासलेलं कांसं परत चिकटत नाही," ते म्हणाले.

"काका, नुसत्या काशाला आता कुणी चहासुद्धा विचारत नाही. तालीमच बंद पडली तर आई मला ओळखणार कशी? घासा तुम्ही."

तीन दिवस कानस चालली.

पहिल्या तालमीला आजीने मान वर केलीच नाही.

"आई, मी लास्त्री."

"बरं हं, बाई," आजी म्हणाली.

त्यानंतर रोज तेच.

मग तो गुरुवार आला. मंडपाला कुलूप होतं, किल्ली लास्त्रीच्या कनवटीला. ती आजीला भात भरवत होती.

आणि...

मंडपात गामेलान वाजायला लागलं.

जुन्या सुरात.

तो सूर देणारी एक पट्टीही आता उरली नव्हती.

आजी ताडकन उठली. कितीतरी महिन्यांनी तिच्या डोळ्यांत ओळख होती.

"ढोलावर सुरातमान आहे. आणि हा घाई करतोय तो पार्दी. मेला सुधारायचा नाही!"

दोघांना जाऊन वीस वर्षं झाली होती.

लास्त्रीने भाताचं ताट बाजूला ठेवलं. तिला आनंदच झाला. आई आता आपल्याला ओळखणार!

"आई, मी कोण?"

"कुलूप काढ गं बाई. मला उशीर झालाय."

तिने कुलूप काढलं.

आत कुणी नव्हतं. हातोड्या जागच्या जागी... पट्ट्या मात्र थरथरत होत्या.

आजी आपल्या जागेवर बसली आणि गायली. शेवटी मोठा गाँग घुमला, तशी तिची मान खाली गेली. ती पुन्हा वर झाली नाही.

आता दर गुरुवारी साडेतीनला बंद मंडपात ते वाजतं. आजीच्या आवाजासकट. मी स्वतः ऐकलंय, म्हणून सांगतोय. लास्त्री दाराला कान लावून बसलेली असते. एकदा तिला राहवलं नाही.

"आई!"

गाणं थांबलं...

मग आतून आजीचा आवाज आला. पाहुण्यांशी बोलावं तसा, अगदी गोड.

"कोण आहे रे बाहेर? तिला सांगा, ही तालीम फक्त गावच्या माणसांची आहे."